वाटेत भेटलेले : प्रकल्प नोंदी, मार्च ते नोव्हेंबर २०२५

२ मार्च, रविवार. कराड

आजपासून या कामाला वेगळी वही लावली. माझा व्यवसाय लेखापरीक्षणाचा. पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था. साताऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत वर्षाचे चार-साडेचार महिने फिरणं होतं आणि कॅमेरा गेली सहा वर्षं पिशवीत असतो. फोटो ढीगभर आहेत. पण कुठला कधी काढला, ते जनावर तिथे काय करत होतं, हे विचारलं तर मला सांगता येत नाही. दुसऱ्यांच्या वह्यांत तारीख नसलेली पावती मी स्वीकारत नाही, आणि स्वतःचे फोटो मात्र तसेच पडलेत.

खरं कारण एक फोटो आहे. गेल्या पावसाळ्यात संगमेश्वराकडे मुक्कामाच्या घरामागे हरणटोळ दिसला. दाट झुडपात होता. घरातल्या दादांनी काठीने अलगद उचलून मोकळ्या फांदीवर ठेवला आणि म्हणाले, ‘ताई, आता घ्या नीट.’ मी घेतला. हिरवीगार लांब मान, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या तिरप्या रेघा, मागे पावसाळी आभाळ. सगळ्यांना आवडला, एका दिनदर्शिकेतही छापून आला. या जानेवारीत सापांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी तो पाहिला आणि विचारलं, ‘याला कुणी छेडलं होतं का?’ हरणटोळ निवांत असतो तेव्हा त्या रेघा दिसत नाहीत. भ्यायला की तो मान फुगवतो, खवले एकमेकांपासून फाकतात आणि मधली काळी-पांढरी कातडी उघडी पडते. मी ज्याला नक्षी समजले ते त्याचं भय होतं, आणि मी ते घरोघरी भिंतीवर लावलं.

म्हणून हा प्रकल्प. कामाच्या प्रवासात वाटेत जे भेटेल तेच, भेटेल तसंच. हात लावायचा नाही, काठी लावायची नाही, दगड उलटायचा नाही, फांदी वाकवायची नाही. वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, ठिकाण, हवा, कशावर बसलं होतं, काय करत होतं, माझं अंतर. शेवटचा रकाना ‘मला पाहिल्यावर’. त्या रकान्यात ‘काही नाही’ लिहिता आलं तर फोटो जमला असं धरायचं. वर्षअखेर बारा फोटो मोठे करून गावच्या वाचनालयात लावायचे.

साहित्य: जुना डीएसएलआर, १०० मिमी मॅक्रो, ७०-३०० झूम, एक फ्लॅश, हेडलॅम्प, पंधरा सेंटिमीटरची पट्टी.

२३ मार्च, रविवार. वेळास, ता. मंडणगड

मंडणगडला अंतर्गत तपासणी होती, शनिवारी दुपारी उरकली. वेळासला आले. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. आता लोक येतात ते ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी उकरून विकली जायची हे गावातली मोठी माणसं स्वतःच सांगतात, आणि सांगताना लपवत नाहीत.

मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. राखणारे ती अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत तशाच खोलीवर पुरतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ खड्ड्यावरची टोपली उचलून बघतात. आज सकाळी उचलली तेव्हा खाली तळहातात मावतील अशी काळपट पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. मोजून ती पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडली. दोन्हीकडे दोरी, दोरीमागे माणसं, फ्लॅश बंद. पिल्लं उजेडाकडे चालतात. मोकळ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या बाजूचा असतो. माणसाने मागे दिवा लावला की ती मागे वळतात.

पहाटेचा मंद उजेड, आयएसओ ३२००, तरी बरेच फोटो हलले. पहिल्या लाटेने उचललेलं पिल्लू मिळालं नाही. पण दोरीच्या बाजूने खाली बसून एक फोटो घेतला, ज्यात पिल्लू नाहीच. ओल्या वाळूवर बारीक वल्ह्यांचे ठसे आणि शेवटी पाण्याची रेघ. तो ठेवणार.

२०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली मादी यंदा जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. पूर्वेचा समुद्र वेगळा, पश्चिमेचा वेगळा असं आपण नकाशावर मानतो, तिने तसं मानलं नाही. मंडणगडहून वेळासला यायला एसटीत बसून मी कंटाळले होते, ते आठवलं.

मला पाहिल्यावर: काही नाही.

१३ एप्रिल, रविवार. चाळकेवाडी पठार, जि. सातारा

आज सविस्तर लिहिते, कारण आज शेवटच्या रकान्याने मला गोंधळात टाकलं.

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे साडेआठला पठारावर. वाळकं गवत, काळे दगड, डोक्यावर पवनचक्क्या. त्यांचा घूं घूं आवाज सतत. इथला पंखागळ्याचा सरडा बघायचा होता. याच्या वंशाचं शास्त्रीय नावच ‘सरडा’ आहे, आपल्या मराठी शब्दावरून ठेवलेलं. २०१६ मध्ये हा वंश वेगळा केला गेला आणि इथल्या जातीला ‘सरडा सुपर्बा’ म्हटलं. लॅटिन नावांच्या रांगेत आपल्या परसातला शब्द बघून मला फार बरं वाटतं.

नऊ वाजेपर्यंत काही नाही. दगड तापले तसे नर वर आले. एकेकाने एकेक दगड धरला. मादीला हा दिमाख नसतो. नर उंच होऊन मान ताठ करतो आणि हनुवटीखालची घडी पंख्यासारखी फटकन उघडतो: निळा, काळा, केशरी. क्षणभरच, पुन्हा घडी बंद. असं सहा-सात वेळा, मग दुसऱ्या दगडावर दुसऱ्याचं उत्तर. वाळक्या मातकट पठारावर हा रंग इतका अचानक येतो, की पहिल्या तीन वेळा मी बटण दाबायचंच विसरले.

पहिल्या नराकडे उभ्याने गेले, तो दगडामागे. दुसऱ्याकडे वाकून गेले, तोही गेला. मग एका दगडापासून सातेक मीटरवर मांडी घालून बसले, छत्री मिटली, टोपी खाली ओढली. पंचवीस मिनिटांनी नर परत आला, त्याच दगडावर. १/१००० शटर, ३०० मिमी, डोळ्याच्या पातळीवर. दहा वाजून चाळीस मिनिटांनी पंखा पूर्ण उघडलेला फोटो मिळाला. मी तिथे असताना तो माझ्यासाठी नाही, समोरच्या नरासाठी पंखा उघडत होता. मला हेच हवं होतं.

मग पवनचक्क्यांच्या अगदी पायथ्याशी गेले. तिथे सरडे जास्त दिसले आणि अडीच-तीन मीटरवर गेले तरी हलेनात. रकान्यात ‘काही नाही, काही नाही’ असं सलग लिहीत गेले आणि खूश होते. दुपारी टपरीवर चहा घेताना आठवलं, याच पठारावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी झाले, म्हणून सरडे तिपटीपर्यंत वाढले. खाणारं कुणी नाही म्हणून ते सावध राहात नाहीत, माणसाला जवळ येऊ देतात. दाटी झाल्याने खाण्याची ओढाताण वाढली, आणि नरांचे रंगही फिके झाले.

म्हणजे माझा ‘काही नाही’ हा शेरा दोन अर्थांचा आहे. एक, मी नीट बसले म्हणून तो निवांत होता. दुसरा, त्याच्या आभाळातून घारी-ससाणे गेलेत म्हणून तो निवांत आहे. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. रकान्यापुढे आणखी एक रकाना आखला: ‘आजूबाजूला’. आजचा मजकूर: पवनचक्क्या, वर आभाळात शिकारी पक्षी एकही नाही, सकाळी ९ ते ११.

४ मे, रविवार. कराड

फ्लॅशसाठी नवीन डिफ्यूझर केला. टीव्हीच्या खोक्यातला पातळ पांढरा फोम, पुठ्ठा आणि चिकटपट्टी. चमकदार खवल्यांवर पांढरा ठिपका पडायचा तो गेला. अंगणातल्या सापसुरळीवर तपासला, दोन फ्लॅश टाकले आणि थांबले. आंबोलीचं आरक्षण ७ जूनचं.

२९ मे, गुरुवार. आजरा ते आंबोली

७ जूनचं गणित पावसाने मोडलं. २५ तारखेला मोसमी पाऊस सिंधुदुर्गात उतरला आणि २६ ला मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंद नाही. मी आजऱ्यात एका संस्थेच्या कर्जखात्यांत बसले होते आणि पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला आंबोली भेक बघायचा होता. तो पहिल्या सरींबरोबर बाहेर पडतो, मोजके दिवस गाजवतो आणि संपतो. आज चारला खाती मिटवली आणि मिळेल त्या गाडीने आंबोली गाठली.

हा भेक जगात आंबोलीच्या आसपासच आहे. २००९ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, अंगावरच्या पट्ट्यांवरून ‘टायग्रिना’. त्याचा भाऊबंद कोयनेचा भेक आमच्या बाजूला आहे. नामशेष होण्याच्या धोक्याच्या यादीत आंबोलीचा सगळ्यात वरच्या पायरीवर आहे, कारण त्याचं घर एवढंसंच. कातळाच्या सड्यावर बशीएवढ्या खळग्यात पाणी साचतं, त्यात तो अंडी घालतो. डबकं नाही, ओढा नाही. चहाच्या बशीत मावेल एवढं पाणी.

साडेसहाला सड्यावर पोचले. अंडी घालण्याची धांदल होऊन गेली होती. एका खळग्यात पाहिलं तर तळाशी काळे बारीक डिंभक, म्हणजे भेकाची पिल्लं, कातळाला चिकटून. पहिली भावना आनंदाची नव्हती, भीतीची होती. मी इथवर चालत आले ते कशाकशावर पाय देऊन? तिथून पुढे प्रत्येक पाऊल टॉर्चने बघून टाकलं, पन्नास मीटरला वीस मिनिटं लागली. आणि त्याच कातळावर काल-परवाच्या पर्यटकांच्या गाड्यांच्या चाकांचे चिखलाचे पट्टे होते. एक पट्टा सरळ दोन खळग्यांवरून गेलेला. त्याचाही फोटो घेतला. चाकाचा ठसा आणि शेजारच्या खळग्यातले डिंभक एकाच चौकटीत बसावेत म्हणून आडवं झोपावं लागलं. आज काढलेल्यांत मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अंधार पडल्यावर मोठे तीन भेक दिसले, अंगठ्याएवढे. एकाचा फोटो दीड मीटरवरून, एकच फ्लॅश.

परतताना घाटरस्त्याचा एक किलोमीटर चालले. आठ ते नऊ. मेलेले: बेडूक व भेक चौदा, खेकडे सहा, एक खापरखवल्या. हा साप जमिनीखाली राहतो, पावसात वर येतो. इंद्रधनुष्याची झाक असलेली त्याची कातडी टॉर्चखाली अजून चमकत होती. शेजारी पट्टी ठेवून प्रत्येकाचा फोटो घेतला. घेताना नको वाटत होतं. पण वाटेत भेटलेले म्हटल्यावर हेही वाटेतच भेटले. नियमात भर: मेलेलेही नोंदवायचे, वेळ आणि रस्त्याच्या कुठल्या बाजूला ते लिहायचं.

मला पाहिल्यावर, हा रकाना मेलेल्यांसमोर रेघ मारून सोडला.

१४ आणि १५ जून. आंबोली

मधल्या दिवसांत पावसाने ओढ दिली होती, आता पुन्हा धरलाय. आधी सड्यावर त्याच खळग्याकडे गेले. पाणी होतं, डिंभक नव्हते. पाय फुटून गेले की मधल्या कोरड्या दिवसांत संपले, ते पाण्याकडे बघून कळत नाही. नोंदीत ‘रिकामा’ एवढंच लिहिलं.

रात्री चापडा, झुडपातला विषारी साप. मलबार चापडा हिरवा असतो, पिवळा असतो, तपकिरी असतो. हा तपकिरी, शेवाळी ठिपक्यांचा, रस्त्याकडेच्या झुडपात कमरेएवढ्या उंचीवर. त्याच्याभोवती सात जणांचा घोळका होता. पाळी लावून फोटो चालले होते, प्रत्येकाचे दहा-पंधरा फ्लॅश. एकाने आकडीने समोरचं पान बाजूला धरलं. मी त्यांना म्हटलं, ‘पान सोडा ना, ते त्याचंच आहे.’ त्यांनी सोडलं, राग मानला नाही. मला वाटतं बऱ्याच जणांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. मलाही गेल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं.

चापडा एकाच जागी दिवसेंदिवस दबा धरतो. डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खाचेने त्याला उष्णता जाणवते, म्हणजे काळोखातही गरम रक्ताची उंदरासारखी भक्ष्यं त्याला कळतात. सात तोंडं, सात तापलेले दिवे आणि सात फ्लॅश त्या खाचेसमोर तासभर असतील तर त्याची शिकार काय होणार? साडेदहाला सगळे गेले. मी दिवा बंद करून अर्धा तास थांबले आणि एकही फोटो न घेता परत आले.

रविवारी सकाळी साडेसहाला तो तिथेच. अडीच मीटरवरून, ३०० मिमी, फ्लॅश नाही, धुक्याचा उजेड. अर्धं तोंड पानामागे आहे. स्पर्धेला पाठवला तर कुणी बाजूला ठेवेल. पण पान आणि साप मिळून जे एक दिसतं, ते झुडपात हात घालणाऱ्या माणसाने बघायला हवं. अंतर माझ्याही भल्याचं आहे. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनते. चापड्याच्या विषावर ती नाही.

मला पाहिल्यावर: जीभ दोनदा, बाकी काही नाही. आजूबाजूला: रस्ता चार मीटरवर, रात्री गर्दी.

२९ जुलै, मंगळवार. कराड, नागपंचमी

वैधानिक लेखापरीक्षणं ३१ तारखेच्या आत द्यायची असतात. शेवटची काल चिपळूणला पूर्ण करून कुंभार्ली घाटाने आले. घाट चढून आल्यावर, कोयनेच्या अलीकडे, रस्त्यावर धामण. पावणेदोन मीटर तरी, अंग अजून मऊ. मागून गाड्या येत होत्या म्हणून पट्टी न ठेवता दोनच फोटो घेतले आणि काठीने तिला बाजूच्या गवतात सरकवलं. काठी लावायची नाही हा नियम जिवंतांसाठी आहे. रस्त्यावर पडून राहिली असती तर तिला खायला येणारी घार नाहीतर मुंगूसही चाकाखाली गेलं असतं.

आज घरी चिरणं-कापणं नाही, तवा चुलीवर नाही, पुरणाची दिंडं उकडली. सासूबाईंनी पाटावर गंधाने नाग काढला, लाह्या वाहिल्या. दुपारी त्यांना फोटो दाखवले. धामणीचा आला तशा त्या थांबल्या. ‘आमच्याकडे म्हणायचे, धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते. माझ्या चुलत्यांनी तेवढ्यासाठी मारल्या आहेत.’ साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही, धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी, हे मी सांगितलं. त्या बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हा पण लाव तुझ्या प्रदर्शनात. आणि खाली लिही, उंदीर खाणारी.’

बारातला एक ठरला.

१७ ऑगस्ट, रविवार

१०० मिमी लेन्सच्या आत बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेला. जूनमध्ये ओल्या पिशवीत दोन दिवस राहिली त्याचा परिणाम. दुरुस्तीला दिली. आता झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा, त्यात सिलिका जेल, निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर परतून घ्यायचं.

२१ सप्टेंबर, रविवार. राधानगरी परिसर

फुलपाखरांचा दिवस. पाऊस उघडला, ऊन आलं आणि रान हलायला लागलं. राधानगरीत दूध संस्थेचं काम शनिवारी होतं.

आधी ओढ्याकाठी चिखलपान. ओल्या मातीतले क्षार शोषायला नर जमतात. त्यांत एक नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन. २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान मिळाला. काळ्या मखमलीवर निळं चांदणं, बसल्यावरही पंख थरथरत. त्याच्या अळ्या लिंबू-बेलाच्या कुळावर वाढतात. परसात लिंबाचं झाड असलेल्या प्रत्येक घरी तो कधी ना कधी येऊन गेलेला असतो.

फुलपाखराला सावली कळते. सूर्य पाठीशी घेतला की आपलीच सावली आधी पोचते आणि ते उडतं. म्हणून सूर्य एका कुशीला ठेवून, गुडघ्यांवर, पुढचं पाऊल मागच्याच्या निम्मं. पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखाच्या अगदी समांतर, नाहीतर एक टोक धूसर येतं. लेन्स दुरुस्त होऊन आलीय, कड स्वच्छ आहे.

पण आजची खरी कमाई शेताच्या बांधावरचं खुळखुळ्याचं रानझुडूप. एका वाळक्या झुडपाला फुलं नव्हती, तरी त्यावर शंभराच्या आसपास ब्लू टायगर आणि कॉमन क्रो जातींची फुलपाखरं चिकटलेली. वाळल्या फांद्यांना नख्यांनी ओरखडत, सोंडेने रस शोषत. सगळे नर. या झाडातल्या विषारी द्रव्यांपासून ते मादीला बोलावणारा गंध तयार करतात, आणि तेच द्रव्य त्यांना पक्ष्यांसाठी कडू करतं. मी दोन फुटांवर होते, एकही उडालं नाही. एक तर माझ्या बाहीवर येऊन बसलं.

बांधाचे मालक आले. ‘ताई, हे खुळखुळ्याचं रान काढून टाकणार होतो.’ मी त्यांना लेन्समधून बघायला दिलं. त्यांनी तीन वेळा बघितलं, मग घरातून नातीला बोलावून आणलं. झुडूप ठेवणार म्हणाले. दिवाळीनंतर त्या बाजूला गेले की बघेन.

मला पाहिल्यावर: काही नाही. आजूबाजूला: भात, बांध, नुकतं फवारलेलं शेत पन्नास मीटरवर.

५ ऑक्टोबर, रविवार. दापोली तालुका

रात्री मुक्कामाच्या घराच्या गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणावर, विंचू. अतिनील टॉर्च लावली की विंचू हिरवट-निळा उजळतो, चिऱ्यांच्या फटीत कुणी दिवा पेरल्यासारखा. तिपाईवर चार सेकंद, एफ/८. टॉर्च तेवढाच वेळ, कारण हा उजेड त्यांना टोचतो, ते सावलीत सरकतात. तीन फोटो आणि बंद.

घरातल्या आजी ओट्यावरून बघत होत्या. त्यांच्या लहानपणी इंगळी चावलेलं पोर सकाळ बघेल याची खात्री नसे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध लाल विंचवाच्या दंशावर वापरून दाखवलं, आणि कोकणातलं हे मरण खूप कमी झालं. आजींना डॉक्टरांचं नाव माहीत होतं, औषधाचं नव्हतं. साप चावणं हा शब्दही त्या तोंडातून काढत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. फोटोत चमकणारा विंचू बघून म्हणाल्या, ‘एवढी वर्षं गडग्याला हात लावतेय, एवढे आहेत होय इथे!’ आजींनी आता गडग्यावर कपडे वाळत घालायचं बंद केलंय, माझ्या फोटोचा हाही उपयोग झाला.

मला पाहिल्यावर: मला नव्हे, टॉर्चला. दोन सरकले, एक थांबला.

९ नोव्हेंबर, रविवार. कराड

निवड. एकूण नोंदी ६१, त्यांत मेलेल्यांच्या ११ (आंबोलीची ती रात्र एकच नोंद धरून). जिवंतांच्या पन्नास नोंदींत ‘काही नाही’ तेवीस वेळा. त्या तेवीसमधून चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या पायथ्याच्या पाच वेगळ्या काढल्या, कारणं एप्रिलच्या नोंदीत आहेत. उरल्या अठरा.

भिंतीवर जाणारे बारा: वाळूतले ठसे, पंखा उघडलेला नर, पायथ्याचा न हलणारा सरडा, चाक आणि डिंभक, खापरखवल्या, पानामागचा चापडा, धामण, नीलवंत, खुळखुळ्यावरचे ब्लू टायगर, गडग्यावरचा विंचू, एका दूध संस्थेच्या छपरावरची घोरपड, आणि बारावा तो गेल्या वर्षीचा हरणटोळ.

बारावा या वर्षातला नाही, नियमात बसत नाही, तरी घेतला. खालची पट्टी अशी लिहिली: ‘हरणटोळ. संगमेश्वर तालुका. काठीने उचलून मोकळ्या फांदीवर ठेवल्यानंतर. मानेवरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा भीतीच्या आहेत. टाळू फोडतो असं म्हणतात ते खोटं, सरडे-पाली खातो, माणसाला त्याच्या विषाचा धोका नाही.’

सगळ्या पट्ट्यांवर फक्त तालुका. गावाचं, सड्याचं नाव आंबोलीच्या भेकासमोरही टाकलं नाही. फाइलमधली जीपीएस माहितीही काढली. अचूक जागा अभ्यासकांना देईन, भिंतीवर नको. चापडा ज्या झुडपात होता ते झुडूप तर मी वहीतही खुणेनेच लिहिलंय.

छपाई: १२ बाय १८ इंच, मॅट कागद, काच नाही.

संध्याकाळी वाचनालयात ग्रंथपालकाकांना मांडणी दाखवली. ते हरणटोळापाशी थांबले. ‘खालचं वाचून वाईट वाटतं हो. हाच दुसरा नाही का, निवांत बसलेला?’

‘नाही काका. या वर्षी एकदाही भेटला नाही.’

त्यांनी खिळा ठोकताना शेजारी एका फोटोची जागा मोकळी सोडली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोडामार्गला काम आहे.